रिजेक्टचा डबा

८ जानेवारी, रविवार

ह्यांनी आज कुकीज केल्या. मी शुद्धीत लिहितेय.

झालं असं. लेकीने सहा महिन्यांपूर्वी माझ्या वाढदिवसाला छोटा ओव्हन पाठवला होता. 'आई, तुझ्यासाठी गं.' वॉर्डातून आठ तास उभी राहून आल्यावर आई ओव्हन लावेल, ही कल्पना फक्त दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीलाच सुचू शकते. खोकं पलंगाखाली गेलं ते गेलंच. आज ह्यांनी ते बाहेर ओढलं. खायचं काही करायला नव्हे हो — ओव्हन तापमान बरोबर दाखवतो का ते तपासायला! तपासलं. अकरा अंशांनी खोटं बोलतो म्हणे. मग रिकामा तपासून खरं कळत नाही, आत काहीतरी भाजायला हवं, म्हणून लोणी, साखर, मैदा.

तेवीस वर्षं कारखान्यात गिअर तपासले ह्या माणसाने. माप बरोबर तर पास, नाही तर रिजेक्ट. कारखाना बंद पडून सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून तपासायला घरात मी एकटीच उरले आहे. टॉवेलची घडी, भाजीचे तुकडे, माझी उशी — सगळ्याला शेरा.

कुकीज दगड झाल्या. चार खाल्ल्या.

९ जानेवारी

दाढ दुखतेय. ह्यांना सांगितलेलं नाही.

१५ जानेवारी, रविवार

आठवड्यात पाचवा घाणा. लोणी वितळवायचं नाही, नुसतं मऊ होऊ द्यायचं, हा शोध लागल्यापासून कुकी दातांना ऐकते. आजची तर खरंच छान होती, वर किंचित मीठ, कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ. मी 'मस्त' म्हणाले. हे म्हणाले, मस्त हे माप नाही.

आणि मग कपाटातून व्हर्नियर काढला! गिअरचे दात मोजायचा तो. आधी स्पिरिटने पुसला (माझं स्पिरिट), मग एकेक कुकी दोन बोटांत धरून जाडी मोजली. नऊ मिलिमीटर पास. साडेनऊ — रिजेक्ट. चोवीसपैकी पंधरा रिजेक्ट. त्या सगळ्या एका पत्र्याच्या डब्यात टाकल्या आणि झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'रिजेक्ट'. सुंदर अक्षरात.

मी विचारलं, ह्यांचं करायचं काय? कारखान्यात रिजेक्ट माल वितळवायचे म्हणे. मी म्हटलं, आपल्याकडे वितळवायची सोय माझ्या पोटात आहे.

हसले. नीट, दात दिसेपर्यंत. तारीख लिहून ठेवते.

२ फेब्रुवारी

युनिफॉर्म कमरेला बोलायला लागलाय. म्हणून रिजेक्टचा डबा आज वॉर्डात नेला.

आमचा वॉर्ड हाडांचा. पेशंटची भूक शाबूत, पण पाय टांगलेले. त्यांना आठवडे-आठवडे छताकडे बघण्याशिवाय काम नाही. डबा पहिल्या पलंगापासून निघाला तो सातव्यापर्यंत पोचलाच नाही. सातव्या पलंगावरच्या आजोबांनी रीतसर तक्रार केली. आमची तिखट म्हणाली — ही माझ्या हाताखालची सगळ्यात जुनी सिस्टर, जिभेवरून नाव पडलं — की इतकी वर्षं तुम्ही घरून नुसता राग आणायचात, आज पहिल्यांदा खायला आणलंत.

मग विचारलं, ह्या करतं कोण? मी सांगितलं. तिने चष्मा काढून पुसला आणि परत लावला. तिच्या नवऱ्याला गॅस पेटवता येत नाही.

लॅबमधले एक जण महिनाअखेर निवृत्त होताहेत. केकऐवजी ह्याच द्यायच्या का, असं तिने सुचवलं. घरी येऊन सांगितलं तर हे घाबरले. 'लोक खाणार? ओळख नसलेले?' व्हर्नियर काढून पुसत बसले. मग म्हणाले, निवृत्ती म्हणजे रिजेक्ट चालणार नाहीत.

११ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या टेलरांनी ह्यांना आज मोठी विद्या दिली. कुकीच्या कणकेचा रूळ करून सुरीने कापला की तो चेपतो, एका बाजूने चपटा होतो, म्हणून हे चिडचिडत होते. टेलर म्हणाले, दोरा घ्या. रुळाखालून दोरा घालायचा, वर टोकं उलटी ओढायची — गोल तुकडा अल्लद सुटतो. हे दारात उभं राहून मला तीनदा करून दाखवत होते. मी पर्स खांद्यावर, बस चुकलेली.

पंधराच्या जागी आता दोनच रिजेक्ट होतात. वॉर्डात नाराजी आहे.

१९ फेब्रुवारी, रविवार

वन्सं आल्या होत्या. ह्यांच्या मोठ्या बहिणीला भावाचं स्वयंपाकघरातलं असणं झेपत नाही. आल्या आल्या मला बाजूला घेतलं. त्याला कुठेतरी चिकटव गं, पुरुषमाणूस दिवसभर कणीक मळतोय, लोक काय म्हणतील. त्यांना सांगणार होते की लोक 'अजून एक डझन' म्हणतात. पण तोंडात कुकी होती.

जाताना त्यांनी दोन डबे मागून घेतले. एक त्यांच्या नातवाच्या शाळेतल्या बाईंना, एक बँकेतल्या साहेबांना. 'म्हणजे मी केल्या असं नाही सांगणार हं.' सांगणार. मी ओळखून आहे!

खरंच, हे खूळ बघता बघता कुठवर गेलं. न्हाव्याने खुर्चीजवळ बरणी ठेवलीय. समोरच्या इमारतीतल्या मुलीचं लग्न ठरलं, तर पाहुण्यांच्या हातात द्यायला ह्यांच्या कुकीज, त्यावर दोघांची आद्याक्षरं. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी गाडी चालवायच्या परीक्षेत चौथ्या खेपेला पास झाली, तर कुकीज. पूर्वी पेशंटला भेटायला येणारे सफरचंदं आणायचे. आता कागदी पाकीट आणतात, त्यात सहा. दुकानातली छापाची बिस्किटं तशीच पडून राहतात. मी तिखटला विचारलं, का गं? ती म्हणाली, दोन कुकी एकसारख्या नसल्या की माणसाने केल्यासारखं वाटतं.

हे ह्यांना सांगितलं नाही. त्यांचं सगळं आयुष्य दोन वस्तू एकसारख्या करण्यात गेलं.

४ मार्च

पत्र आलं.

मेट्रन. मी! चोवीस वर्षांनंतर. पण इथे नाही — बसने चार तासांवरच्या हॉस्पिटलात. राहायला क्वार्टर. होय-नाही कळवायला तीस दिवस. तीन एप्रिल, पाचच्या आत.

ऑफिसच्या जिन्यात उभी राहून दोनदा वाचलं. मग बाथरूममध्ये जाऊन एकदा. घरी आले तेव्हा हे संत्र्याची साल किसत होते. सगळं घर त्या वासाने भरलेलं. मला बघून म्हणाले, डोळे मीट, तोंड उघड. उघडलं. मग बोलायचं राहून गेलं.

६ मार्च

अजून राहिलंच आहे.

एक गोष्ट लिहून ठेवायला हवी, इतके दिवस लिहिली नव्हती. कारखाना बंद झाल्यावर पहिले दोन महिने हे रोज सकाळी सात वाजता अंघोळ करून, बूट घालून बाहेरच्या खोलीत बसायचे. जायचे कुठेच नाहीत. नऊ वाजता बूट काढायचे. मी कधी विचारलं नाही. मला प्रत्येक गोष्टीची चेष्टा करता येते, त्याची नाही आली. कामावर जाताना त्यांच्या समोरून जावं लागायचं, तर मी चपला हातात घेऊन मागच्या दाराने जायची.

त्या माणसाला आता सकाळी सातला टेलरांची हाक येते — झाल्या का हो? न्हावी, शाळा, ती लग्नाची मुलगी, सगळे ह्याच दोन गल्ल्यांतले. ह्यांना इथून उपटून चार तास लांब न्यायचं? तिथे कोण ओळखतं? परत बूट घालून बसले तर?

पत्र सुईदोऱ्याच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवलं.

१८ मार्च

लेकीचा फोन. बाबा दिवसातून तीन फोटो पाठवतात, ऑफिसात सगळ्यांना दाखवावे लागतात म्हणे. मी सांगितलं, मला तर दिवसातून तीन घास खावे लागतात. तिला पत्राचं सांगावं असं अगदी ओठावर आलं होतं. पण तिच्या पोटात काही राहत नाही. बापावर गेलीय.

आज ह्यांचा घाणा करपला. अख्खा. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. लक्ष कुठे होतं विचारलं तर म्हणाले, कुठे नाही.

२४ मार्च

हे फार चांगले वागताहेत. चहा आयता. माझे पांढरे बूट पॉलिश केलेले. नऊ मिलिमीटरच्या पास झालेल्या कुकीज मला देतात, रिजेक्ट स्वतः खातात. काहीतरी फोडलेलं असणार. सगळ्या काचा मोजल्या. पूर्ण आहेत.

२ एप्रिल, रविवार

ठरलं. नकार लिहिला. 'कौटुंबिक कारणास्तव.' चार ओळी, तीन वेळा लिहिल्या, अक्षर बरं येईना. पाकीट पर्समध्ये आहे. उद्या शिफ्ट संपल्यावर ऑफिसात देईन.

दुःख नाही. म्हणजे असं दुःख नाही. आपण एखाद्यासाठी काही सोडलं की आत एक मोठेपणाचा गारवा असतो, तो आहे. कुणाला सांगायचं नाही हेही ठरवलंय. मरेपर्यंत. फार झालं तर लेकीला, पुढे कधी, तिला मुलंबाळं झाल्यावर.

ह्यांना मोठी ऑर्डर आहे वाटतं. मला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत.

३ एप्रिल

क्रमाने लिहिते.

अकरा वाजता मी चौथ्या पलंगाचं ड्रेसिंग करत होते. तिखट आली, हातात खोकं. 'तुमचे मिस्टर देऊन गेले. थांबले नाहीत. सगळ्यांसमोर उघडायला सांगितलंय.' तिने टेबलावर उघडलं. मोठ्या मोठ्या कुकीज, ओळीने, एकेकीवर चॉकलेटने एकेक अक्षर. अ, भि, नं, द, न. खाली — मे, ट्र, न.

टांगलेले पायसुद्धा हलायचे थांबले.

तिखटने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं हिनेच कुठून तरी ऐकून ऑर्डर दिली असणार, आणि मी तिच्यावर ओरडणार, तोच ती म्हणाली, 'सिस्टर, कधी झालात? आम्हाला खोक्यातून कळावं होय?' तिचा चेहरा पडला होता. मी नुसती त्या 'ट्र'कडे बघत होते. वाकडा आला होता. चांगला दोन-तीन मिलिमीटरने एकीकडे कललेला. आणि ह्यांनी तो पास केला होता!

तेवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले. काय आहे बघू म्हणत त्यांनी 'अ' उचलून तोंडात टाकला, मग वाचलं, मग तोंडभर कुकी असतानाच हात जोडले. त्यानंतर जे जे आले त्यांनी 'भिनंदन' वाचलं. बारा वाजेपर्यंत तीन मजल्यांवर कळलं. पर्समधलं पाकीट जिवंत जनावरासारखं वाटत होतं.

तीनला शिफ्ट संपली. ऑफिसात न जाता घरी आले. हे टेबलापाशी बसलेले. चहा झाकून ठेवलेला. मी विचारलं, पत्र कुठे सापडलं?

दोरा संपला होता म्हणे. अठरा तारखेला. रूळ कापायला दोरा हवा म्हणून सुईदोऱ्याचा डबा उघडला. दोन आठवडे वाट बघितली, मी सांगेन म्हणून. काल मी लिहायला बसलेली आणि सारखे कागद चुरगळताना त्यांनी बघितलं, तेव्हा कळलं की मी सांगणार नाही.

मी सगळं बोलले. सगळं. तुम्ही तिथे काय कराल, कोण ओळखतं, परत तसे दिवस आले तर — बुटांचंसुद्धा बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'पण मी कुठे येतोय?'

मी खाली बसले.

ते म्हणाले, जूनपर्यंतच्या ऑर्डरी घेतल्यात. शाळेचा कार्यक्रम आहे, दोनशे लागणार आहेत. हे टाकून कसं येऊ? तू जा. शनिवारी येत जा, नाहीतर मी येईन. 'इतकी वर्षं तू शिफ्टवरून आलीस, मी दार उघडलं. आता आठवड्याने येशील. तेव्हाही उघडेन.' आणि मग, माझ्याकडे न बघता, 'तू माझ्यासाठी नाही म्हणालीस, तर मला ते रोज खावं लागेल.'

महिनाभर मी त्याग शिजवत होते. वाढायला गेले तर जेवणारा म्हणतो, भूक नाही!

हसावं की भांडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. थोडी रडलेही, पण ते चहा गार झाला म्हणून असेल. नकाराचं पाकीट ह्यांनी घेतलं, उघडून वाचलं, 'कारणास्तव'वरचा अनुस्वार जास्तीचा आहे म्हणाले, आणि दोन तुकडे केले.

मग धावत बस. पावणेपाचला होकार दिला. क्लार्क कुकी खात होता. त्या कुकीच्या पाकिटावर ह्यांचं अक्षर.

४ एप्रिल

जरा तरी 'तुझ्याविना करमणार नाही' म्हणायला काय जात होतं?

३० एप्रिल, रविवार

काल वॉर्डाने निरोप दिला. माझ्या निरोपाला केक! बेकरीतला. तिखट म्हणाली, तुमच्याच घरच्या कुकीज तुम्हाला कशा द्यायच्या. हे आले होते. त्या केकला त्यांनी चहूबाजूंनी असं काही बघितलं की बेकरीवाला समोर असता तर राजीनामा देता. 'एका बाजूला बसलाय,' मला कानात. सातव्या पलंगावरचे आजोबा काठीवर चालत आले आणि म्हणाले, सिस्टर गेली तरी डबा चालू राहील ना? हा माझा निरोप समारंभ होता.

आज बॅग भरली. वन्सं आल्या होत्या. नवऱ्याला टाकून चाललीस, असं बोलायला आल्या असाव्यात. पण दोन डझनांची घाई होती. बँकेच्या साहेबांनी मागितल्यात. त्या स्टुलावर बसून कागदी पाकिटं चिकटवत होत्या, भाऊ वाकडी चिकटलेली परत देत होता. मी दोघांच्या मधून बॅग घेऊन बाहेर पडले. कुणाचं लक्ष नव्हतं.

नाही. खोटं लिहायचं नाही. हे स्टँडवर आले होते. बस सुटेपर्यंत खिडकीची पट्टी धरून उभे होते. हाताला मैद्याचा वास होता.

७ मे, रविवार

इथे हॉस्पिटल लहान, आवार मोठं. क्वार्टरला दोन खोल्या. माझ्या टेबलावर फोन आहे आणि तो वाजला की सगळे माझ्याकडे बघतात, मग मला आठवतं की तो मीच घ्यायचा.

इथेही तेच खूळ! ओपीडीच्या खिडकीत बरणी, माळ्याची बायको करते. दालचिनी घालून. पहिल्या दिवशी तिने दोन दिल्या. चांगल्या होत्या, हे ह्यांना फोनवर सांगणं ही माझी चूक. पलीकडे पेन शोधल्याचा आवाज. मग, 'जाडी किती?' मी म्हटलं, मी पट्टी घेऊन खात नाही. म्हणाले, एक ठेवून आण.

काल शनिवार, पण घरी जाता आलं नाही, पाहणी होती. पुढच्या शनिवारी नक्की.

आज एकटीने जेवले. उशी कशीही ठेवली तरी कुणी शेरा मारत नाही. दोन दिवस बरं वाटलं.

१६ मे

दुपारी ह्यांचा फोन. शाळेच्या दोनशे झाल्या, टेलरांची नात गोड खाऊन आजारी पडली, आणि हो, कारखाना पुन्हा सुरू होतोय. नवे मालक आहेत. परवा घरी माणूस आला होता — जुनीच जागा, तपासणी विभाग, एक तारखेपासून या.

मी विचारलं, मग?

'नाही म्हणून सांगितलं. म्हटलं, मला काम आहे.' आणि लगेच, संत्री महाग झालीत गं.

फोन ठेवला. क्लार्क क्वार्टरचा फॉर्म घेऊन आला. पतीचा व्यवसाय, असा रकाना. गेलं दीड वर्ष असा रकाना आला की मी आडवी रेघ मारत आलेय.

आज लिहिलं. कुकीज करतात.